'वयात आला की जातं' म्हणे

परवापासून आमच्या फोंड्यातल्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, की मुलांचे डोळे लाल होतात, खाजतात ती उष्णता, गुलाबपाणी नाहीतर मध घाला, नाही थांबलं तर मागच्या वर्षीचे ड्रॉप्स चालतात, वयात आला की जातंच. मी फार्मसीत बसतो, रिकामी बाटली पुढे करून 'सेम द्या' म्हणणारे रोज बघतो, म्हणून लिहितोय.

उष्णता नव्हे, अ‍ॅलर्जी. डोळ्यांच्या या अ‍ॅलर्जीला व्हर्नल म्हणतात, मुलग्यांना जास्त होते. गुलाबपाणी, मध स्टराइल नसतं, विषय संपला.

'वयात आला की जातं' हे बऱ्याच मुलांत खरंय, पण अ‍ॅलर्जी जाते, कॉर्नियावरचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरचा, डाग राहतो. वरची पापणी उलटून बघितली तर आत फणसाच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो, तो उघडझापीला कॉर्नियावर घासतो, वर सूजेतली रसायनं, आणि मग जखम पडते, तिला शिल्ड अल्सर म्हणतात. तिच्या तळाला पांढरट थर साचला की कितीही ड्रॉप्स घाला, वरची साल भरूनच येत नाही, तो खरवडून काढावा लागतो, कधी त्यावर अ‍ॅम्नियॉटिक मेंब्रेन लावतात, म्हणजे बाळंतपणात वारेबरोबर येतो तो पातळ पापुद्रा (ऐकून मलाही पहिल्यांदा कसंतरीच झालेलं).

आता जुने ड्रॉप्स. एकतर बाटली उघडली की साधारण महिन्याभरात फेकायची असते. दुसरं, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. गंमत बघा, शिल्ड अल्सरला डॉक्टरही स्टेरॉइडच देतात, पण तोच अल्सर फंगसचा निघाला तर स्टेरॉइडने डोळा जाऊ शकतो, आणि फरक स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या मशीनवर, बघणाऱ्याला कळतो, मला काउंटरवरून नाही कळत. स्टेरॉइडचे ड्रॉप्स महिनोन्महिने घातले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, दुखतही नाही, मोतीबिंदू होतो तो वेगळाच. म्हणून ते कमी करत आणून पुढे स्टेरॉइड नसलेल्या औषधांवर, सायक्लोस्पोरिन नाहीतर ०.०३ टक्के टॅक्रोलिमसवर ठेवतात. ही औषधं चुरचुरतात, दोन दिवसांत 'बदलून द्या' म्हणून आया येतात, अहो, गुण यायला आठवडे लागतात.

चोळण्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही! सारखं चोळून कॉर्निया शंकूसारखा पुढे येऊ शकतो, थंड पाण्याची पट्टी ठेवा त्यापेक्षा.

मूल उजेडाला डोळाच उघडत नसेल तर त्याच दिवशी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, काय काय घातलंय ते त्यांना बघू दे.