पंचा आणि गीगाबिट

इंटरनेटचे पैसे गीगाबिटचे भरतो, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचे. स्पीड मोजला की ९४. महिनाभर ९४. कंपनीच्या फोनवरच्या बाई तीनदा म्हणाल्या, "सर, राउटर बंद करून चालू करा." चौथ्यांदा मी काय म्हणालो ते इथे नको.

शेवटी कंपनीचा दुरुस्तीवाला मुलगा आला. ९४ ऐकताच म्हणाला, "शंभरावर बसलंय. तारांची एखादी जोडी गेली असणार," आणि थेट गच्चीकडे. गच्चीतल्या कंपनीच्या डब्यातून आमची केबल तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीसमोरून खाली येते. तिच्यावर दोन ओले पंचे, एक बनियन. चिमटे लावून. चिमटे म्हणजे वहिवाट.

"काका, ही इंटरनेटची केबल आहे."

"मग? बंद पडलंय का?"

"बंद नाही, हळू झालंय."

"हळू म्हणजे चालूच की!"

काका टेलिफोनमधून निवृत्त झालेले, त्यामुळे तार या विषयावर कोथरूडमध्ये त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. मी बोललो. आत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभरला दोन जोड्या पुरतात, गीगाबिटला चारही लागतात. पंच्यांच्या ओढीने तपकिरी जोडी प्लगमधून निसटली, मग दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपसात बोलणी करून गुपचूप शंभरावर तडजोड केली.

"म्हणजे चार तारा रिकाम्याच होत्या," काका म्हणाले. "रिकाम्या तारांवर पंचा घातला तर बिघडलं कुठे?"

"ही केबल बसवतानासुद्धा अकरा किलोच्या वर ओढायची नसते, काका."

"अकरा किलोचा पंचा दाखवा मला."

मुलगा तोवर नवा प्लग बसवत होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काकांनी मान पुढे काढली. "ही हिरवी जोडी फोडून मध्ये निळी का घुसवली?" मुलाला माहीत नव्हतं. मला होतं, आणि तिथेच माझं चुकलं. मधल्या दोन जागा मुळात टेलिफोनच्या जोडीच्या, त्या तशाच राखल्यात, असं मी सांगून बसलो.

"म्हणजे मूळ जागा आमची!" काकांनी केबलवरचं बनियन उलटवून पुन्हा वाळत घातलं.

तांब्याच्या तारेवरून गीगाबिट न्यायचं मानक १९९९ सालचं. शंभर मीटरपर्यंत ते सुखाने धावतं. माझ्यापर्यंत पोचायला चाळीस मीटरसुद्धा नव्हते, पण वाटेत तिसरा मजला. आणि खरं सांगायचं तर राग काकांवर कमीच आहे. डब्यातलं पोर्ट, म्हणजे आमची केबल खोचलेली जागा, शंभरावर चाललंय हे कंपनीला बसल्या जागी दिसतं. महिनाभर कुणी पाहिलं नाही, पैसे मात्र हजाराचेच कापले. वर 'ग्राहकाच्या बाजूची तोडफोड' म्हणून साडेतीनशे रुपये.

ते साडेतीनशे मी काकांकडे मागितले. काका आत गेले, चष्मा लावून आले.

"आठातल्या किती निसटल्या?"

"दोन."

"म्हणजे पाव हिस्सा. सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे." त्यांनी सत्त्याऐंशी मोजून हातावर ठेवले. पन्नास पैसे सुटे नव्हते.