त्याच्या आईला कुणी च्या तरी दिला का?

आमच्या नगर जिल्ह्यात नाताळ आणि ऊसतोड एकाच हंगामात येतात. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा बॉयलर पेटतो, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि बीडकडची माणसं बैलगाड्यांत संसार घालून गावाबाहेर उतरतात. डिसेंबरात रात्री चर्चमधून पेटी-ढोलकीचा सराव ऐकू येतो आणि रस्त्यावरून भरल्या गाड्यांची करकर. लहानपणी ‘गव्हाण’ हा शब्द मला फक्त कारखान्याचा माहीत होता. ऊस जिथे टाकतात आणि साखळी तो आत ओढून नेते, ती. त्यामुळे मरीयेने बाळाला गव्हाणीत ठेवलं हे संडे स्कूलमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून रडलो होतो. आजीने मला शेजारच्या गोठ्यात नेलं आणि बैलांची गव्हाण दाखवली. तळाला कडब्याचा चुरा, कडेला लाळ. “इथं निजवलं होतं त्याला,” म्हणाली.

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि ती गव्हाण मी विसरलो. नाताळ म्हणजे मुलांचे कपडे, केकची ऑर्डर, दारात तारा, सकाळची उपासना, दुपारचं जेवण. त्यात वाईट काहीच नव्हतं. करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं शेजाऱ्यांकडे पाठवायचा आमचा जुना रिवाज मला आजही प्रिय आहे. पण आत काही हलत नव्हतं, हे खरं.

आठ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आई गेली. त्या नाताळला गावी गेलो तो केवळ घर बंद राहू नये म्हणून. २४ च्या रात्री तरुण मंडळी कॅरोलच्या फेरीला निघाली. घरोघरी गाणी झाली, पण शेवटी काका घराकडे वळलेच नाहीत. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. बॅटरी घेऊन सरळ कोप्यांकडे, ऊसतोडीच्या माणसांच्या झोपड्यांकडे, चालू लागले. आम्ही मागून.

बांबूच्या कामट्या, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बैल उसाचे वाढे खात उभे होते. पहिल्याच कोपीत कानाला फडकं बांधलेली एक बाळंतीण बसलेली, बाळ जुन्या लुगड्याच्या झोळीत. दहा-बारा दिवसांचं असेल. नवऱ्याला पहाटे तीनला फडात जायचं होतं, तरी तो उठून बसला. काकांनी परवानगी विचारली आणि आम्ही हळू आवाजात ख्रिस्तजन्माचा पाळणा म्हटला. बाईने झोळीची दोरी हलवत पूर्ण ऐकला. मग विचारलं, “ह्यो कुनाच्या बाळाचा पाळणा?”

काका म्हणाले, “देवाच्या बाळाचा. गोठ्यात जन्मलं. आईबाप परगावी गेलेले, कुठं जागा मिळाली नाही.”

ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मंग त्याच्या आईला कुनी च्या तरी दिला का?”

काकांना उत्तर देता आलं नाही. मलाही. आणि मग तिनेच नवऱ्याला चूल पेटवायला सांगून आम्हा अकरा जणांना काळा चहा पाजला.

त्या रात्री आईच्या खोलीत बसून मी लूकचं शुभवर्तमान उघडलं. मेंढपाळ आले, त्यांनी बाळ पाहिलं, जे ऐकलं होतं ते लोकांना सांगितलं. मरीयेला कुणी घोटभर गरम काही दिल्याचं तिथे नाही. पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांचं सोनं, ऊद, गंधरस मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तेही नंतरचं. पुढे मंदिरात अर्पणाची वेळ आली तेव्हा या जोडप्याने पक्ष्यांची जोडी दिली. जुन्या करारातल्या लेवीयात लिहिलंय, कोकरू द्यायची ऐपत नसेल तिने तसं करावं. हे सगळं मी शेकडो वेळा ऐकलेलं होतं. पण एका बाळंतिणीने दुसऱ्या बाळंतिणीची चौकशी करावी तसं ते मी कधी वाचलं नव्हतं. आईच्या जाण्याने आत गोठलेलं काहीतरी त्या रात्री सुटलं आणि मी खूप दिवसांनी मनापासून प्रार्थना केली.

दरवर्षी लोक लिहितात की नाताळचा खरा अर्थ प्रेम, आनंद, वाटून खाणं. मला ते अपुरं वाटतं. चांगुलपणा कुणीही शिकवू शकतं, आणि माझा तरी तो जानेवारीपर्यंत टिकत नव्हता. माझा विश्वास वेगळ्या गोष्टीवर आहे. ज्याने जग निर्माण केलं तो स्वतः दुधासाठी रडला, त्याला कुणीतरी शेकावं, पुसावं, उचलावं लागलं. योहान लिहितो, ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ वस्ती! मराठीत हा शब्द वाचताना मला कोप्याच दिसतात. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि तिथे तो निजला तो वैरणीच्या जागी. पुढे त्यानेच म्हटलं, मी जीवनाची भाकर आहे. हे खरं नसेल तर माझा नाताळ नुसता फराळ आहे.

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ हे वचन त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. विहिरीवर जागा नव्हती, देवळात नव्हती, शाळेत नव्हती. त्यांनी भाकरीसाठी धर्म बदलला असं बोलणारे आजही भेटतात. मला वाटतं, आपल्यासारखाच बाहेर जन्मलेला देव त्यांना ओळखू आला. म्हणून मला एक गोष्ट फार लागली. नंतर एका वर्षी नाताळच्या स्नेहभोजनाला कोप्यांतली मुलं आली, तर ‘आपल्या लोकांना पुरायला हवं’ म्हणून त्यांना फाटकाबाहेर थांबवलं गेलं. थांबवणारी माणसं आमचीच. मी तिथे होतो, आणि बोलायला मला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी प्रभूपुढे अनेकदा कबूल केली आहेत.

आमच्याच राहुरीत राहिलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं आम्ही नाताळात गातो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडतो, आणि त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही बोलावतो. पदं गाताना हे फाटकही आठवायला हवं.

ते जोडपं पुन्हा दिसलं नाही. मुकादम बदलतो, कारखाना बदलतो, आगाऊ घेतलेली उचल तेवढी फिटत नाही. ते बाळ आता आठ वर्षांचं असेल, शाळेत असू दे अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

काका आता चालू शकत नाहीत. फेरी आम्ही नेतो, आणि क्रम उलटा केलाय. आधी कोप्या, मग गाव. बायकोने यंदा अळिवाचे लाडू केलेत, कारण चार नंबरच्या कोपीत एकीचे दिवस भरत आलेत असं कळलं आहे. २४ ला संध्याकाळी सातला चर्चच्या मागच्या दारातून निघू. ढोलकी आहे, पेटी आहे. दूध, साखर, चहापत्ती आणि मोठं पातेलं कुणी आणणार असेल तर खाली लिहा.