केस न गळणारं कुत्रं हवंय? मग रोज फणी कोण फिरवणार, ते आधी ठरवा

टिळकवाडी म्हणा, हिंदवाडी म्हणा, बेळगावात जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहतायत आणि फ्लॅटमध्ये राहायला आलेला जो तो एकच विचारतो: केस न गळणारं कुत्रं कुठलं? विकणारा लगेच शिह त्झू पुढे करतो. नाहीतर पूडल, माल्टीज, ल्हासा अप्सो. या जातींचे केस सोफ्यावर फारसे दिसत नाहीत, हे खरंच आहे. पण का दिसत नाहीत, ते कुणी सांगत नाही.

यांचा केस माणसाच्या केसासारखा वाढतच राहतो आणि जो गळतो तोही आजूबाजूच्या केसांत अडकून बसतो. म्हणजे रोज विंचरणं आलं, दर चार-सहा आठवड्यांनी कापणं आलं. नाहीतर जटा होतात. आमच्या शेजारच्या वहिनींचा शिह त्झू गेल्या पावसाळ्यात मी हाताळला. वरून अंग मऊ, चकचकीत. कानामागे बोट घातलं, तर केसांची घट्ट चकती, आत ओल, कातडी लालबुंद आणि कुबट वास. काखेतही तेच. वहिनी रोज विंचरायच्या हो, पण वरवर. फणीचे दात कातडीपर्यंत पोचायला हवेत. शेवटी सगळं अंग भादरावं लागलं.

त्यात आपला पाऊस. जूनपासून दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे लांब केसांचं कुत्रं मुळापर्यंत कोरडं कसं होणार? खानापूरकडे तर पाऊस आणखी जास्त, तिकडच्यांनी याचा दुप्पट विचार करावा.

आणखी एक गैरसमज जीवावर बेतू शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. अ‍ॅलर्जी केसांची नसते. लाळेतली आणि कातडीच्या कोंड्यातली प्रथिनं ती आणतात. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे कण घरभर उडतात. कमी केस गळणाऱ्या जातीतही ही प्रथिनं असतातच. घरात कुणाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर जे जनावर आणणार, त्याच्याच सहवासात दोन-तीनदा तास-दोन तास बसून बघा.

माझं मत विचाराल तर गावठी पिल्लू आणा. केस आखूड, अंगालगत. गळतात, पण आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश फिरवला की झाडूत मावतील एवढेच. अंग पुसलं की लवकर सुकतं. गोचीड लागली तर डोळ्यांना दिसते. मांजराचंही तेच. पर्शियन मांजराचे केस गळतातही आणि त्यांच्या जटाही होतात, वर चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास. साधं आखूड केसांचं गावठी मांजर फ्लॅटमध्ये सुखात राहतं.

कुणी म्हणेल, मग मुधोळ, म्हणजेच कारवान जातीचं कुत्रं, का नको? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, आखूड केसांचं, 2005 साली टपाल तिकिटावर आलेलं आपलं कारवान! अभिमान मलाही आहे. पण ते शिकारी कुत्रं, त्याला मोकळ्या रानात पळायला लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत त्याला कोंडू नका. हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. दुहेरी केस, वर्षातून दोनदा घरभर पुंजके, आणि आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही.

पिल्लू आणायचं ठरलं असेल, तर पैसे देण्याआधी त्याच जातीचं मोठं कुत्रं ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये एकदा जाऊन या. आणि कानामागे बोट घालून बघा.