जपानमधलं येशूचं थडगं, आणि आपले फॉरवर्ड

काल फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकला, येशू क्रूसावर मेलाच नाही, त्याच्या जागी भाऊ इसुकिरी मेला आणि येशू जपानच्या हेराई गावात शेती करत १०६ वर्षं जगला, पुरावे खाली वाचा. काका, रागवू नका, वाचले.

'हेराई म्हणजेच हिब्रू.' अहो, त्या भागात नावात 'हे' असलेली गावं ढिगाने आहेत, सान्नोहे, गोनोहे, हाचिनोहे, आणि हेराईतला 'हे' पण त्याच अक्षराने लिहितात. कानाला सारखं लागलं की नातं जुळत असेल तर आपलं अष्टविनायकातलं पाली आणि पाली भाषा सख्ख्या बहिणी म्हणायच्या. आणि हेराई ही वेगळी ग्रामपालिका आता नाहीच, १९५५ मध्ये शेजारच्या गावाबरोबर मिळून तिचं शिंगो झालं.

'पिढ्यानपिढ्याची श्रद्धा.' इथेच खरी गोम आहे. ही गोष्ट गावात आली १९३५ साली! इबाराकी प्रांतात स्वतःचा पंथ चालवणारे ताकेउची कियोमारो घरातली 'प्राचीन' कागदपत्रं घेऊन आले, दोन मातीचे ढिगारे बघितले, एक म्हणे येशूचं थडगं, दुसऱ्यात भावाचा कान आणि मेरीचे केस. याच कागदांनी मोझेसलाही जपानमध्येच पुरलंय, इशिकावा प्रांतात, ते मात्र फॉरवर्डमध्ये कुणी टाकत नाही. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, कानो कोकिची या अभ्यासकाने पंथाच्या कागदपत्रांचे फोटो तपासून ती बनावट असल्याचं दाखवलं. मूळ कागद सरकारने जप्त केले, ते दुसऱ्या महायुद्धात टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले म्हणतात, म्हणजे आता तपासायलाही काही नाही, सोयच झाली.

हेराईत बाळाच्या कपाळावर काळी फुली काढायचे हा पण पुरावा म्हणे. मग आपण तीट लावतो ते काय?

'नान्यादोयारा हे गाणं हिब्रूत आहे.' ते काही हेराईचं एकट्याचं नाही, जुन्या नांबू संस्थानाच्या सगळ्या भागात लोक त्यावर फेर धरतात. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओंनी त्याचा अर्थ साधारण 'कर काय करायचं ते' असा प्रेमातल्या बाईच्या तोंडचा लावलाय, आणि मला तोच पटतो.

राहिला इस्रायलच्या राजदूताने दिलेला जेरुसलेमचा दगड. तो २००४ मधला, मैत्रीची भेट म्हणून दिलेला, थडगं खरं असल्याचं सर्टिफिकेट नाही.

गावकऱ्यांना हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं माहितीये. १९६४ पासून दर जूनमध्ये ते तिथे उत्सव करतात, मंत्र म्हणायला जपानच्या शिंतो धर्माचा पुजारी येतो, आणि किमोनोतल्या बायका थडग्यावरच्या क्रॉसभोवती फेर धरतात.