उसातला रणगाडा आणि वरून बघणारा

काल संध्याकाळी लष्कराच्या सरावाच्या केके रेंजकडून धडाम धडाम चालू होतं. भिंगारमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण त्यावरून विषय निघाला. सचिनने मोबाइल पुढे केला. युक्रेनमधला व्हिडिओ. बारकासा ड्रोन येतो, रणगाड्यावर आदळतो आणि थोड्या वेळाने अख्खा टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, उडून बाजूला पडतो.

"संपला कारभार," सचिन म्हणाला. "टँक म्युझियममध्ये अजून जागा करून ठेवा म्हणावं."

रिसालदारकाका बशीतला चहा फुंकत होते. टी-७२ या रशियन रणगाड्यावर नोकरी काढलेला माणूस. "टरेट का उडतो, माहितीये? या रशियन टँकमध्ये गोळा भरायला माणूस नसतो, मशीन भरतं. गोळे टरेटच्या खाली चकतीत गोल रचलेले. म्हणजे आपण दारूगोळ्यावरच बसलेलो. तिथं आग गेली की खेळ खलास. तो त्या घडणीचा दोष आहे, समद्या टँकचा नाही."

"मग अमेरिकेच्या अब्राम्स टँकचं काय?" सचिन म्हणाला. " त्यात गोळे वेगळ्या कप्प्यात असतात ना? युक्रेनला ३१ दिले, आणि २०२४ मध्ये ड्रोनच्या भीतीने आघाडीवरून मागे घ्यावे लागले."

यावर काका गप्प. मग ते वैद्यसाहेबांवर आले. कुठलाही विषय असो, काका जनरल अरुणकुमार वैद्यांवर येतातच. आम्ही हसतो, पण खरं सांगायचं तर माणूस होताच तसा. दोन वेळा महावीरचक्र, दोन्ही वेळा रणगाड्यांच्या लढाईत.

"सप्टेंबर १९६५, खेमकरण," काका म्हणाले. "साहेब तेव्हा लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या टँक रेजिमेंटचे कमांडंट. आपल्याकडं दुसऱ्या महायुद्धातले शर्मन टँक. समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन, नवे कोरे. तोफ मोठी, पत्रा जाड. कागदावर बघितलं तर आपण हरलेलोच. पण असल उत्तर गावापाशी आपल्या लोकांनी काय केलं? कालव्याचं पाणी रानात सोडलं आणि टँक उसात लपवून ठेवले. घोड्याच्या नालेसारखी रचना. या म्हणले आत."

इथे बाळू जागा झाला. बाळूचा राहुरीकडे चार एकर ऊस. "अरे, पाणी दिलेल्या रानात वाफसा यायच्या आत ट्रॅक्टर घालून बघा एकदा! गेल्या महिन्यात माझा रुतला, दुसरा आणला तोही रुतला. पॅटन तर चाळीस टनांच्या वर."

"तेच तर! रुतला की आडवा होतो, आडवा झाला की कूस दिसते. आणि अब्दुल हमीदने कशाने मारले पॅटन? जीपवरच्या रिकॉइललेस तोफेनं. जीप कितीची, पॅटन कितीचा? स्वस्तातली वस्तू महागड्या टँकला मारते हे तुमच्या मोबाइलने नाही शोधून काढलं. ७३ ला इजिप्तच्या पायदळानं सिनाईत क्षेपणास्त्रं मारून इस्रायलचे टँक फोडले, तेव्हाही लोक म्हणले टँक मेला. त्याच लढाईत इस्रायलचे टँक सुएझ ओलांडून पलीकडं गेले."

मग १९७१. वैद्य ब्रिगेडियर, शकरगडच्या आघाडीवर १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड, म्हणजे टँकची ब्रिगेड, त्यांच्या हाताखाली. बसंतर नदीपलीकडे सुरुंग पेरलेले, ते पुरते निघायच्या आत पूना हॉर्सचे टँक आत घुसले. अरुण खेत्रपाल त्यातलाच, एकवीस वर्षांचा पोरगा. पेटलेला टँक सोडला नाही. तो टँक, फामागुस्ता, आज आपल्याच नगरला आर्मर्ड सेंटरमध्ये आहे. हे सांगताना काकांनी बशी खाली ठेवली, म्हणून आम्हीही थोडा वेळ बोललो नाही.

(वैद्य पुढे लष्करप्रमुख झाले, सुवर्ण मंदिरातली ब्लू स्टार कारवाई त्यांच्याच काळातली. निवृत्तीला सहा-सात महिने झाले नाहीत तोच, १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात स्वतःची गाडी चालवत असताना त्यांना गोळ्या घातल्या. दोन युद्धं पत्र्याआड काढलेला माणूस साध्या मारुतीत गेला. हे माझ्या काही केल्या पचनी पडत नाही.)

सचिन मात्र मुद्दा सोडणारा नव्हता. "काका, सगळं मान्य. पण वैद्यांची युक्ती चालली कारण उसात टँक दिसत नव्हता. आता वर ड्रोन आहे. लपणार कुठं?"

मला विचाराल तर दिवसभरातला हा एकच खरा प्रश्न होता. जीपवाल्याला टँक दिसायला जवळ यावं लागायचं, त्यात त्याचाही जीव जायचा. हमीदचा गेलाच. ड्रोनवाला कित्येक किलोमीटर लांब बसलेला असतो. हे काही जुनंच नव्या कपड्यात नाही. टँकवर जाळ्या लावा, येणारं क्षेपणास्त्र हवेत फोडणारी यंत्रं बसवा, लडाखसाठी पंचवीस टनांचा हलका झोरावर टँक बनवा; पण आधी दिसायचं नाही, ही जी कर्नलची अक्कल होती, ती चालवायला आता जागा किती उरली?

बाळू म्हणाला, "माझा पुतण्या ड्रोननं फवारणी करतो. कॅमेरावाला पण आहे त्याच्याकडं. उसात डुक्कर शिरलं तरी दिसतं वरून."

काकांनी कप ठेवला. "आण त्याला रविवारी. मी तुझ्या उसात बसतो, सापडवून दाखव म्हणावं."

"रात्री आणतो काका, उष्णतेचा कॅमेरा मागून आणायला सांगतो. अंधारात माणूस दिव्यासारखा दिसतो."

"रात्री कशाला? टाइम मी ठरवणार," काका उठत म्हणाले. "भर दुपारी ये. रान तापलं की त्या कॅमेऱ्याला माणूस आणि ढेकूळ एकच."