ब्रेक ‘कधीकधी’ लागत नाहीत म्हटलं की मला वेड्यात काढतात

आज माझी इलेक्ट्रिक गाडी सर्व्हिस सेंटरमधून परत आली. धुऊनपुसून चकाचक, टायरला काळं पॉलिश, आत कसलातरी गोडसर वास. आणि जॉब कार्डवर ब्रेकच्या तक्रारीपुढे तेच ते, ‘तपासले, दोष आढळला नाही’.

तक्रार तरी माझी होती का? मी तिथे उभी राहून सांगितलं होतं की उतारावर, रस्ता खडबडीत असेल तर, ब्रेक दाबलेला असतानाच मध्ये क्षणभर सुटल्यासारखा होतो आणि मग परत लागतो. रोज होत नाही, कधीतरी होतं. कार्डवर लिहिलंय ‘ब्रेक चेक करणे’. एवढंच! म्हणजे डॉक्टरकडे जाऊन पाच मिनिटं बोलायचं आणि केसपेपरवर यायचं ‘पेशंट बघणे’.

मी विचारलं, काय चेक केलं? पॅड बघितले, ऑइल बघितलं, स्कॅनर लावला, राउंड मारली. राउंड कुठे मारली? समोरच्या रस्त्यावर. समोरचा रस्ता नवा कोरा आणि सपाट आहे हो! तिथे कशाला होईल?

आणि हे सगळं तो अ‍ॅडव्हायझर (काउंटरवर ग्राहकांशी बोलणारा) सांगत कोणाला होता, तर माझ्या धाकट्या भावाला. “सर, मॅडमना इलेक्ट्रिकची सवय नसेल, ब्रेकचा फील वेगळा असतो, होईल सवय.” भाऊ फक्त सोबत आला होता. त्याला गाडी चालवता येत नाही. लायसन्स नाही त्याच्याकडे! तो बिचारा माझ्याकडे बघतोय, मी अ‍ॅडव्हायझरकडे बघतेय, आणि अ‍ॅडव्हायझर माझ्या पायाला काय वाटलं ते भावाला समजावून सांगतोय. यावर वेगळं काही लिहायला नको, तुम्ही सगळे समजून घ्याल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झालं काय होतं ते सांगते. ऑफिसकडून घरी येताना एक लांब उतार आहे, खाली सिग्नल. सिग्नलच्या थोडं अलीकडे रस्ता खणून बुजवलेला पट्टा आहे, वर नुसती खडी. शेजारी आई बसली होती. सिग्नल लाल, पुढे एक स्कूटरवाला उभा. मी आरामात ब्रेक दाबत आणला, गाडी छान हळू होत होती, आणि त्या खडीच्या पट्ट्यावर चाक गेल्याबरोबर गाडी सुटली. पाय तिथेच, पेडल तिथेच, आणि गाडी पुढे ढकलल्यासारखी. मी जीव खाऊन दाबला, गाडी थांबली. स्कूटरचा मागचा दिवा माझ्या बॉनेटच्या कडेखाली दिसेनासा झाला होता, इतकी जवळ. त्याला पत्ताही नाही. आईने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

आईला इलेक्ट्रिकची सवय नाही म्हणून तिने डॅशबोर्ड धरला का? तिच्या पायाखाली तर पेडलही नव्हतं.

आता मी काही इंजिनिअर नाही, पण इतक्या दिवसांत वाचून वाचून एवढं कळलंय की या गाडीत एका पेडलमागे दोन ब्रेक आहेत. एक मोटरचा, म्हणजे मोटर उलटं काम करून वीज बनवते, ती बॅटरीत जाते आणि त्या नादात गाडी हळू होते. दुसरा नेहमीचा, पॅड आणि डिस्कचा. किती काम कोणी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आपण फक्त पेडल दाबायचं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल किंवा खूप थंड असेल तर मोटरला वीज टाकायला जागा नसते, मग तो ब्रेक कमी मिळतो. आणि खड्ड्यावर, खडीवर, ओल्या पट्ट्यावर चाक जरा घसरलं की कॉम्प्युटर मोटरचा ब्रेक झटकन काढून घेतो आणि काम डिस्ककडे देतो. गडबड या देण्याघेण्यात आहे. दोघं मिळून जड कपाट जिन्यावरून उतरवताहेत, एकाने हात सोडला आणि दुसऱ्याने अजून भार घेतलेला नाही, तो मधला क्षण. प्रत्यक्षात गाडी वेग पकडत नाही, हळू होणं तेवढं कमी होतं. पण पायाला आणि पोटाला ते पुढे झेपावल्यासारखंच लागतं.

बरं, मान्य. अनेक गाड्यांमध्ये हे थोडंफार होतं आणि त्याला दरवेळी बिघाड म्हणता येत नाही. झालं समाधान? मग हेच मला सांगा ना! “मॅडम, असं असं होतं, या कारणाने होतं, तुमच्या गाडीत जास्त होतंय का ते बघतो.” एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्याऐवजी काय, तर सवय.

आणि ते पॅड दाखवणं! “बघा मॅडम, पॅड नव्यासारखे आहेत.” अरे, असणारच. रोजचं बहुतेक काम मोटर करते, पॅडला हात लागतोय कुठे. उलट या गाड्यांच्या डिस्क वापराविना गंजतात, सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. न झिजलेले पॅड दाखवून ब्रेक चांगले आहेत हे सिद्ध होत नाही. दुसरं, पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, इंजिनचा व्हॅक्यूम मिळतो. इथे इंजिनच नाही, तर तो जोर विजेवर येतो. म्हणजे चाकाजवळच्या स्पीड सेन्सरची वायर, एखादा कनेक्टर ज्यात ओल शिरलीय, ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी, सॉफ्टवेअर, यातलं काहीही कधी असतं कधी नसतं. नेमकं ‘कधीकधी’ होणारं दुखणं. आणि स्कॅनरमध्ये कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद, कधी येतो? ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली तर. अर्ध्या सेकंदात सुटून परत लागला तर कॉम्प्युटरच्या हिशेबात काही झालंच नाही. आईने डॅशबोर्ड धरल्याचा कोड नसतो.

मला भास होतो म्हणणाऱ्यांनी २०१० सालची टोयोटाची प्रियस आठवा. हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही, पण ब्रेकची भानगड हीच, मोटर आणि डिस्क. अमेरिकेत लोक सांगत होते की खडबडीत आणि निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर जातात. सरकारी चौकशी सुरू झाली आणि त्याच फेब्रुवारीत टोयोटाने जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. बदललं काय? एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये टेस्ला मॉडेल ३ ही इलेक्ट्रिक गाडी कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेच्या चाचणीत ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट घेत होती. कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट पाठवलं, तीच गाडी १३३ फुटांत थांबायला लागली. एका स्क्रूला हात न लावता १९ फूट! ब्रेक आता कॉम्प्युटरमध्ये असतात हे जगाला कळून जमाना झाला, आणि आमच्याकडे अजून बोट लावून ऑइल बघतात.

त्या स्कूटरवाल्याचं आणि माझं अंतर १९ फूट नव्हतं.

चिडचिड झाली ना की मी टाइप करतच सुटते. पण एक सांगायलाच हवं. निघताना आतला एक टेक्निशियन मुलगा हात पुसत बाहेर आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगताय ते होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण कोड नसेल तर मी पार्ट बदलू शकत नाही, कंपनीकडे वॉरंटीचा क्लेम पास होत नाही. आणि लांब टेस्ट ड्राइव्हला आम्हाला वेळच देत नाहीत.” त्याच्यावर काय चिडणार? इतक्या सगळ्यात तो एकटा माझ्याकडे बघून बोलला. मी त्याला तो उतार, ती खडी सगळं सांगितलं आणि त्याने विचारलं, “तेव्हा बॅटरी किती टक्के होती?” हा प्रश्न इतके दिवस कोणीच विचारला नव्हता! त्याला बहुतेक कोणी ग्राहकाशी बोलू देत नाही. जो बोलतो त्याला गाडीतलं कळत नाही, ज्याला कळतं तो काचेपलीकडे. या व्यवस्थेचा मला राग आहे, पोरांचा नाही.

हो, ब्रेक पेट्रोल गाडीचेही जातात, माहितेय. मला ही गाडी आवडते, तेही खरं. विकणार वगैरे नाहीये.

पण आईला परत त्या रस्त्याने नेलेलं नाही. ती म्हणते रिक्षाने जाते, तुला कशाला त्रास. मला कळतं ते कशामुळे.

तर आता मेल केलाय. जॉब कार्डवर माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा, उतार, खडी, वेग, बॅटरीचे टक्के सगळं. ब्रेक कंट्रोलरचं सॉफ्टवेअर कोणतं आहे ते लेखी द्या. गाडीत काही दिवस डेटा लॉगर, म्हणजे चालताना सगळ्या नोंदी ठेवणारं यंत्र, लावा. आणि टेस्ट ड्राइव्ह त्याच उतारावर, मी गाडीत असताना. उत्तर आलं, शनिवारी या. त्या मुलालाच पाठवा असंही लिहिलंय, बघू.

तुमच्याही गाडीत असं होत असेल तर तेव्हाच गाडी बाजूला घेऊन मोबाइलवर नोंद करा, जागा, वेळ, बॅटरी, पाऊस होता का. आणि होत असताना पाय उचलू नका, पंप करू नका, सरळ जोरात दाबून धरा. डिस्कचा ब्रेक पेडलमागे असतो, तो तेव्हा लागतो. मला त्या दिवशी तोच लागला.

ज्यांना ‘तरी सांगत होतो पेट्रोल घे’ असं लिहायचंय त्यांनी आज कृपया पुढच्या पोस्टवर जावं, मूड नाही. शनिवारी काय होतं ते कमेंटमध्ये टाकते.