"तुला बाउंड्रीज पाळणं कठीण जातं का?"

आज दुपारी एका जुन्या मैत्रिणीने मला तिच्या कंपनीतून आलेल्या निरोपाचा स्क्रीनशॉट पाठवला. ॲपवरून थेरपी देणारी ही कंपनी दीड वर्षापूर्वीपर्यंत माझीही होती. येत्या शुक्रवारी सर्व थेरपिस्टसाठी 'स्वतःची काळजी' या विषयावर एक तासाची कार्यशाळा आहे. ती जेवणाच्या सुट्टीत आहे, उपस्थिती बंधनकारक आहे, कॅमेरा सुरू ठेवायचा आहे, आणि ज्यांचे त्या वेळी सेशन ठरलेले असेल त्यांनी ते त्याच आठवड्यात अन्य वेळी भरून काढायचे आहे. निरोपाच्या शेवटी मानसिक आरोग्याचे चिन्ह असलेली हिरवी फीत आणि 'तुम्ही आमच्यासाठी महत्त्वाचे आहात' हे वाक्य. मैत्रिणीने त्याखाली एवढेच लिहिले होते, "हसू नकोस."

मला हसू आलेच नाही. उलट इतका संताप आला की हातातले काम बाजूला ठेवून हे लिहायला बसले आहे.

ज्यांनी पुढची गोष्ट माझ्याकडून आधी ऐकली आहे त्यांनी क्षमा करावी. (क्लायंटची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.) त्या दिवशीचे सहावे सेशन होते. पन्नास मिनिटांपैकी पंचेचाळीस मिनिटे तो मुलगा झोपेविषयी आणि अभ्यासाविषयी बोलत राहिला, आणि निरोप घेता घेता अगदी सहज म्हणाला की पुढच्या आठवड्याची वेळ नको, कारण आता त्याने काय ते ठरवले आहे. आमच्या पेशात थोडे दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक असते की खरी गोष्ट पुष्कळदा शेवटच्या पाच मिनिटांतच बाहेर येते. मी थांबले. काय ठरवले आहे, हे स्पष्ट शब्दांत विचारले. आत्महत्येबद्दल असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो हा निव्वळ गैरसमज आहे. मग आम्ही दोघांनी मिळून सुरक्षिततेचा आराखडा लिहून काढला: असे वाटू लागल्याची पहिली खूण कोणती, त्या वेळी मन कशात गुंतवता येते, कोणाला फोन करायचा, घरातले काय आज रात्रीच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे. त्याच्या संमतीने मी त्याच्या बहिणीशी बोलले आणि ती त्याच्यापाशी पोहोचेपर्यंत स्क्रीनसमोरून हलले नाही. या सगळ्याला ३५ मिनिटे अधिक लागली. पुढच्या क्लायंटला ताटकळावे लागले आणि त्यांनी रेटिंगमध्ये एक तारा देऊन सेशन रद्द केले. त्यांचाही राग रास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने मला कॉलवर घेतले. डॅशबोर्डवर माझी दोन सेशन्स लाल झाली होती. तिचा पहिला प्रश्न त्या मुलाविषयी असेल असे मी गृहीत धरले होते. ती अत्यंत मृदू आवाजात म्हणाली, "मला तुझं नीट ऐकायचं आहे. तुला बाउंड्रीज पाळणं कठीण जातं का?"

या एका वाक्यात त्या कंपनीची सगळी संस्कृती आहे. इतर ठिकाणी साहेब ओरडतो, आणि तो ओरडला हे निदान चारचौघांत सांगता तरी येते. मानसिक आरोग्याच्या कंपनीत कोणी ओरडत नाही. तिथे तुमचे ऐकून घेतले जाते, तुमच्या भावनांना नाव दिले जाते, तुमच्या असण्याबद्दल आभार मानले जातात, आणि बोलणे संपते तेव्हा तुम्ही नेलेली तक्रार हे तुमच्याच मनाचे एक लक्षण होऊन तुमच्या हातात परत आलेले असते. सेशन्स फार होतात असे म्हटले की तुमची 'रेझिलिअन्स', म्हणजे ताणातून सावरण्याची ताकद, कमी पडते. पगार उशिरा झाला असे म्हटले की तुम्हाला 'अनिश्चिततेची भीती' वाटते. मॅनेजरचे वागणे खटकले तर तो तुमचा 'ट्रिगर' असतो, आणि त्यावर तुम्ही चिडलात तर बघा, मुद्दा सिद्धच झाला. आम्ही वर्षानुवर्षे शिकून जी भाषा दुसऱ्याचे दुःख हलके करण्यासाठी आत्मसात केली, ती आमचे तोंड बंद करायला वापरली गेली आणि बराच काळ आम्हाला ते कळलेही नाही, कारण ती आमचीच भाषा होती.

'बर्नआउट' हा शब्द कुठून आला, हे त्या कार्यशाळेत कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लिहिले, आणि ते त्याने गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगारांकडे पाहून लिहिलेले नाही. मोफत दवाखान्यात इतरांना मदत करता करता स्वतः विझत गेलेल्या माणसांविषयी ते होते, आणि तो स्वतः त्यांच्यातलाच एक होता. म्हणजे या शब्दाचा जन्मच आमच्यासारख्यांच्या कामाच्या जागी झाला आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलेच नाही. कामाच्या ठिकाणच्या ज्या दीर्घकालीन ताणाचे नीट व्यवस्थापन झालेले नाही, त्यातून उद्भवणारी ती व्यवसायाशी निगडित स्थिती आहे, असे म्हटले. त्या व्याख्येत ताणाचे ठिकाण स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या कंपनीच्या सादरीकरणात ही व्याख्या सुंदर रंगांत छापलेली असायची, आणि पुढच्याच स्लाइडवर दीर्घ श्वसनाचे पाच प्रकार असायचे.

हिशेब अगदी साधा आहे. दिवसाला सात सेशन्स, प्रत्येक पन्नास मिनिटांचे. मधली दहा मिनिटे टिपणे लिहिण्यासाठी, पाणी पिण्यासाठी, आणि आत्ताच ऐकलेले मनातून खाली ठेवून पुढच्या माणसाकडे कोऱ्या मनाने जाण्यासाठी. टार्गेटमध्ये फक्त सेशन्स मोजली जात. टिपणे, संकटात सापडलेल्या क्लायंटच्या नातेवाइकांना केलेले फोन, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना लिहिलेली पत्रे ही सगळी फुकटात. क्लायंट ऐनवेळी आला नाही तर ते सेशन आमच्या खात्यात धरले जात नसे. आणि वर तारे. थेरपीत कधी कधी माणसाला नको असलेले बोलावे लागते, आणि ते ऐकून तो त्या दिवशी रागावून जातो. उपचार चालू असल्याची ती खूणही असू शकते. ज्याच्या रेटिंगवर तुमची पुढची वेतनवाढ अवलंबून आहे त्याला तुम्ही असे काही किती वेळा सांगाल? मी स्वतःला गोड बोलताना पकडले आहे. त्याची मला अजून लाज वाटते.

सुपरव्हिजनबद्दल तर बोलायलाच नको, तरी बोलते. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की थेरपिस्टने आपल्या अवघड केसेस, आपल्या चुका, आपली भीती अनुभवी थेरपिस्टसमोर नियमितपणे मांडणे म्हणजे सुपरव्हिजन; त्याशिवाय हे काम करू नये असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते. आमच्याकडे सुपरव्हायझर आणि मॅनेजर ही एकच व्यक्ती होती. ज्या माणसासमोर चूक कबूल करायची तोच वर्षअखेरीस त्या चुकीला गुण देणार, म्हटल्यावर कबुली कोण देईल? मी त्या ३५ मिनिटांनंतर रात्रभर जागी होते. मला कोणाला तरी विचारायचे होते की मी बरोबर केले ना, काही राहून तर गेले नाही ना. सकाळी जो कॉल झाला त्यात हे विचारायची जागाच नव्हती.

दर तिमाहीला 'निनावी' सर्वेक्षण व्हायचे. आमची टीम चार जणांची. अनुभवाची वर्षे आणि कोणत्या भाषेत सेशन्स घेता हे भरले की निनावीपण संपले. एकदा मी खरे लिहिले. आठवड्याभरात मॅनेजरने अतिशय आपुलकीने विचारले, घरी सगळे ठीक आहे ना. दर वर्षी १० ऑक्टोबरला, १९९२ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या मानसिक आरोग्य दिनी, आम्हाला सुट्टी तर सोडाच, ग्राहक कंपन्यांसाठी जाहीर केलेल्या विनामूल्य सेशन्समुळे वर्षातला सगळ्यांत लांब दिवस त्याच तारखेला यायचा. त्याच संध्याकाळी आमचे हसरे फोटो मागवले जायचे.

बरे, हेही मान्य करते की त्या ॲपमुळे अशा अनेकांना थेरपिस्ट मिळाला ज्यांना तो अन्यथा मिळालाच नसता, आणि तो मुलगाही त्यांतलाच होता. कंपनीला खर्च भागवावा लागतो, हेही कळते. पुढे.

त्या मॅनेजरविषयी आता पूर्वीइतका राग राहिलेला नाही. तीही मुळात थेरपिस्टच होती, आणि चांगली होती असे जुने लोक सांगत. तिच्या डॅशबोर्डवर आमच्या सगळ्यांचे लाल रंग एकत्र दिसत असणार आणि तिलाही कोणीतरी तितक्याच मऊ आवाजात काहीतरी विचारत असणार. त्या कॉलवर प्रश्न विचारून झाल्यावर ती क्षणभर माझ्याकडे न पाहता खाली पाहत होती, हे मला हल्ली आठवते. तेव्हा ते दिसले होते, पण मला ते पाहायचे नव्हते.

आणि ज्या कारणासाठी आजचा स्क्रीनशॉट मला इतका झोंबला ते अजून लिहिलेच नाही. त्या कॉलनंतर सहा महिन्यांनी चार नव्या थेरपिस्टची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यांतली एक मुलगी, शिक्षण संपवून नुकतीच आलेली, एके दिवशी मला म्हणाली, "सलग पाच सेशन्स झाली की सहाव्या माणसाचं बोलणं मला ऐकू येतं, पण आत पोहोचत नाही." बर्नआउटचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. त्यावर करण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे तिचे सहावे सेशन काढून घेणे. तो अधिकार माझ्याकडे होता. परंतु त्या आठवड्यात आमच्या टीमचे आकडे कमी पडत होते, आणि मी डोके एका बाजूला किंचित झुकवून, अगदी त्याच आवाजात, तिला विचारले, "हे तुझ्यात कुठून येत असेल असं तुला वाटतं?"

ती गोंधळली. मग तिने खरोखरच शोधायला सुरुवात केली. लहानपणापासून आपल्याला कोणाला नाही म्हणता येत नाही, कदाचित त्यामुळे असेल, असे काहीतरी ती प्रामाणिकपणे सांगू लागली, आणि मी मान डोलावत राहिले. तिची सेशन्स तेवढीच राहिली. दोन महिन्यांनी ती सोडून गेली, आणि निरोपाच्या मेलमध्ये तिने माझे आभार मानले होते, 'माझ्या पॅटर्न्सची जाणीव करून दिल्याबद्दल'.

म्हणून मला कंपनी म्हणजे कोणी वेगळी माणसे, असे म्हणता येत नाही. तो आवाज माझ्याही गळ्यातून निघालेला आहे. तो काढताना मला आपण काही वाईट करत आहोत असे मुळीच वाटले नव्हते. उलट आपण किती समजूतदारपणे वागलो, असेच त्या दिवशी वाटले होते.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी आला होता, हे राहिले. आल्या आल्या त्याने विचारले होते, "त्या दिवशी माझ्यामुळे तुम्हाला उशीर झाला, तुम्हाला कोणी काही बोललं नाही ना?" मी नाही म्हणाले.

हे लिहिता लिहिता मध्येच थांबून मी त्या मुलीला निरोप पाठवला आहे. त्यात स्पष्टीकरण काही नाही. तुझी सेशन्स जास्त होती, ती कमी करणे माझ्या हातात होते आणि मी केले नाही, एवढेच आहे. तिने तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत आहेत. उत्तर आलेले नाही, आणि ते यावे असा हट्ट धरण्याचा मला अधिकार नाही. मैत्रीण मात्र म्हणते आहे की शुक्रवारी ती कॅमेरा सुरू ठेवून कार्यशाळेला बसेल, आणि संपूर्ण तासभर, सर्वांना दिसेल असे, शांतपणे जेवेल.